झाकलेला पाय

"झाक ना तो पाय, मॅडमला वास येतो," सोबत आलेली नणंद दबक्या आवाजात म्हणाली आणि त्या बाईने लगेच भाजलेल्या पायावर पदर ओढला.

सूर्यमाळच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर मी तिची नोंद करत होते. मी श्वास रोखून धरलाय हे कुणाला कळत नसेल, असं मला वाटत होतं.

भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळताना, तिचा पाय पोळला होता. जखमेवर आम्ही रुग्णांवर तपासून बघत असलेली नवी जेलची पट्टी होती. ताडगोळ्यासारखी मऊ, पारदर्शक, जखम ओलसर ठेवून खाली नवी कातडी येऊ देणारी. आत पू धरू लागला की ती निळसर होते. तो रंग वेळीच ओळखणं हेच माझं काम, कारण उशीर झाला तर पाय गमवावा लागतो.

ती दर खेपेला वारा माझ्याकडून तिच्याकडे जाईल अशी बसायची, पाय पलीकडे वळवून. मी तो तिचा लाजरेपणा समजले होते. आता कळलं, ती मला वासापासून सांभाळत होती. आणि मी दुरून फोटो काढून 'ठीक' लिहीत होते.

"फोटो झाला ना? मग राहू द्या," ती हसली. "आमचं नाक मेलंय. तुमचं कशाला मारता?"

माझे कान तापले. नुसतं सॉरी म्हणून सुटता आलं असतं. मी तिच्या पायाशी जाऊन बसले.

"वास येतोय मला," मी म्हणाले. "तरी पदर काढा. मला जवळून बघायचंय."