लाल किनार उसवताना

कोलेत तासँने उभा जन्म लाल किनार शिवण्यात घालवला. राजाच्या निशाणावर निळ्या कापडावर सोनेरी लिलीची फुलं, आणि आमचे ड्यूक पडले राजाचे धाकटे भाऊ. धाकट्याला जहागीर मिळते, पदवी मिळते, फुलंही मिळतात, पण भोवती किनार लावून. नुसती फुलं मिरवली तर तो स्वतःला राजा म्हणवतोय असा अर्थ होतो, आणि मग मान जागेवर राहत नाही. किल्ल्यातले पडदे, पलंगपोस, घोड्यांच्या झुली, सगळ्यांची किनार कोलेतच्या हातची. किल्ल्याच्याच अंगणात मी भट्टीवर पाव भाजते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं.

ड्यूकना एकच मुलगा होता, आमोरी. गोड पोर, सहाव्या वर्षी तापाने गेलं. त्याच्या थडग्यावरची चादर, तीच फुलं नि तीच लाल किनार, कोलेतने रडत रडत भरली. पुढे ड्यूकही गेले. मुलगा नसला की जहागीर परत राजाकडे जाते, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण स्वतःच्या दारात येईपर्यंत कोण मनावर घेतं!

राजाचा कारभारी ओबेर्तँ आला आणि त्याने फर्मावलं, "लाल किनार सगळी उसवायची. हे आता राजाचं घर."

"आणि माझी खोली?" कोलेतने विचारलं. ड्यूकनी ती तिला मरेपर्यंत राहायला दिली होती, तेही तोंडी.

"तो शब्द ड्यूकांबरोबर गेला, बाई. काम चोख केलंस तर राहा."

नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, नजर अधू. कुठे जाणार होती? बसली उसवत. शेवटी पोराच्या थडग्यावरची चादर तेवढी राहिली.

"ती असू दे गं," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"तो नकटा कारभारी बघतो ना. काल विचारलंन, ही का राहिली म्हणून."

"विचारू दे मेल्याला!"

"तुला नवरा आहे, भट्टी आहे. तू बोलशील."

मला तिचा असा राग आला! तिने तीही उसवली.

ड्यूक गेल्यापासून त्यांच्या बाईसाहेब, आमोरीची आई, रिवाजाप्रमाणे काळोख्या खोलीत बसून होत्या. बाहेर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. खोलीतून उठल्या त्या माहेरी निघायला, आणि आधी पोराच्या थडग्याशी आल्या. कोलेत भिंतीशी उभी होती, पांढरीफटक. मी तिचा दंड धरून होते. बाईसाहेबांनी चादरीवरून हात फिरवला आणि तो कडेशी थांबला. आता हिची खैर नाही, मला वाटलं.

"कोलेत, किनार नाही?"

"बाईसाहेब, मी..."

त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "नुसती फुलं! माझ्या पोराला राजा केलंस गं तू," त्या कुजबुजल्या. "कुणाला कळलं तर तुझा जीव जाईल. तरी केलंस." आणि ती सुईने खरबरीत झालेली बोटं त्यांनी ओठांना लावली.

कोलेतच्या तोंडून शब्द फुटला नाही. मीही गप्प राहिले. गाडी फाटकाबाहेर गेली.

खोली कोलेतचीच राहिली. संध्याकाळी मी गरम पाव घेऊन गेले, तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली. पावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"एक थोबाडीत दिली असती ना त्यांनी," ती म्हणाली, "तर झोप लागली असती मला."