सुई कुठे आहे, ते बुडबुडे सांगतात

"नवीन लग्नाची पोरगी हाये, सर. आज ना उद्या सोडून जाईल. तिले कायले शिकवता?"

आमच्या आयसीयूच्या सिनियर सिस्टर, मीनाताई, पडद्यापलीकडे आमच्या हार्टच्या डॉक्टर सरांशी बोलत होत्या. अलीकडे मी, तीच पोरगी, हृदयाच्या सोनोग्राफीचं म्हणजे इकोचं मशीन पुसत! मी कमी बोलते, त्यामुळे मी तिथे आहे हेच लोक विसरतात. गोंदियाच्या या हॉस्पिटलात माझ्याजवळ किस्से साठले ते असे.

*

सडक अर्जुनीचा एक ट्रक ड्रायव्हर. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलेलं. सर म्हणाले, "सुईनं काढू."

"सुई हृदयात घुसली त?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सुईतून बुडबुडेवालं सलाईन सोडतो. इकोवर ते पांढरं चमकते. हृदयाबाहेर पिशवीत दिसलं तर सुई बरोबर, हृदयात दिसलं तर चूक."

"ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो, तसंच ना! पण साहेब, आमच्यात बुडबुडे दिसले का पंक्चर पक्कं!"

*

हे सलाईन दोन सिरींजमध्ये इकडून तिकडे घुसळायचं असतं. नव्या डॉक्टरनं इतक्या जोरात घुसळलं की जोड निसटला आणि पिचकारी थेट सरांच्या चष्म्यावर!

सर शांतपणे म्हणाले, "सुई माझ्या डोळ्यात नाही. कन्फर्म!"

*

कुडव्याला घरी सासूबाईंनी विचारलं, "दिवसभर करतेस काय वो तिथं?"

"बुडबुडे पाहते."

"मंग घरचे काऊन नाही दिसत? दूध उतू जाऊन राहिलं!"

*

आणि ती बोदलकसा तलावाकडची मासे विकणारी बाई. तिच्याही हृदयाभोवती पाणी, बीपी घसरत होतं, श्वास पुरत नव्हता. सरांनी सुई घातली, सिरींजमध्ये लालभडक आलं.

"आलं! पाण्यात रक्त मिसळलंय. वायर द्या, तिच्यावरून आत नळी टाकू."

मीनाताईंनी वायर पुढे केली. घुसळलेलं सलाईन ट्रेमध्ये तसंच.

"सर, वायर नको. आधी बुडबुडे."

माझाच आवाज! सगळे वळले.

"वेळ नाहीये!"

"म्हणूनच, सर."

सरांनी सलाईन सोडलं. स्क्रीनवर हृदयाचा कप्पाच पांढरा झाला. पिशवी काळीच. सरांनी सुई हळूच मागे घेतली, दिशा बदलली, पुन्हा सलाईन. या वेळी हृदयाभोवती पांढरं कडं उमटलं.

"बुडबुडे बाहेर आहेत. टाका नळी!" मी म्हणाले.

पाणी निघू लागलं, बीपी चढू लागलं. दुपारी बाई उठून बसली आणि चहा मागू लागली.

मीनाताई माझ्याजवळ आल्या. "एवढं बोलता येते त रोज काऊन नाही बोलत वो?"

"रोज सुई बरोबर जागी असते, ताई."