भाच्याचं अपडेट

तमाम सोयरे, भाऊबंद आणि लग्नाळू मुलांच्या चिंतातुर आयांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, साखरखेर्ड्यात एक इसम असा आहे ज्याला साऱ्या जगातून शिव्या येतात. तो माझा भाचा आहे. मला त्याचा फार अभिमान आहे.

पोटापाण्यासाठी तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. शिव्या त्या दुकानाच्या नाहीत. ऑनलाइन खेळणाऱ्या चार मित्रांना आपलं स्वतःचं मैदान मांडायचं असलं की सर्व्हर लागतो, आणि तो चालवायला एक प्रोग्रॅम लागतो. हा प्रोग्रॅम कोण्या कंपनीचा नाही. कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. गावच्या हापशीसारखंच म्हणा ना. पाणी सगळे भरतात, वायसर बदलायला मात्र माझा भाचा आणि त्याच्यासारखेच देशोदेशीचे दोन-चार भोळे जीव. हापशी बंद पडली की लोक यांच्या नावानं ओरडतात.

सुलतानपूरच्या एका घरी त्यानं हे सगळं मोठ्या उत्साहानं समजावलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, मालक कोण? हा म्हणाला, कोणीच नाही. मग पगार कोण देतं? कोणीच नाही. त्या गृहस्थानं आमच्यासाठी मागवलेला दुसरा चहा परत पाठवला. मी तो चहा आत जाताना पाहिला आहे.

म्हणून मलकापूरला निघताना बहिणीनं मला बजावलं, "तिथं खेळाचं नाव काढू नको रे दादा, तुले माह्या गळ्याची शप्पथ." पोरगं तिशी ओलांडून गेलं होतं आणि हे स्थळ तिला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलगी एमसीए, कॉलेजात शिकवते. बायोडाटात लिहिलं होतं: स्वभाव शांत, आवड वाचन.

निघायच्या घाईत भाच्यानं प्रोग्रॅमचं नवं अपडेट जगासाठी सोडून दिलं. घाटात फोनला रेंज नव्हती. मलकापुरात गाडी शिरली आणि त्याच्या खिशात फोन जो थरथरायला लागला तो थांबेना. त्यानं एकदा पाहिलं, चेहरा पिठासारखा झाला, आणि फोन परत खिशात घातला. मी काही विचारलं नाही. अशा वेळी घाई करून मजा घालवायची नसते.

मुलीचे वडील निवृत्त इंग्रजीचे मास्तर. पोहे झाले. मुलगी दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती आणि हातातल्या फोनकडे पाहत होती. लाजाळू आहे, असं मी मनात नोंदवलं. मास्तरांनी विचारलं, दुकानाशिवाय आणखी काही? भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जी विनवणी होती ती एखाद्या दगडालाही पाझर फोडून गेली असती. मी म्हणालो, "आहे तर. आमच्या भाच्याचं काम जगभर चालतं. दाखव रे मास्तरांना."

शप्पथ बहिणीच्या गळ्याची होती, आणि मी खेळाचं नाव काढलं नव्हतं.

भाचा स्वभावानं इतका सरळ की जिथं जगभरचे लोक त्या प्रोग्रॅमबद्दल लिहितात ते पान त्यानं खरंच उघडून फोन पुढे केला. सगळ्यात वर सकाळची ताजी तक्रार होती. मास्तरांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वर्गात वाचावं तसं वाचायला घेतलं. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा अर्थ, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"तू हे काम झोपेत करतोस की जागेपणी? झोपेत करत असशील तर जागा हो. जागेपणी करत असशील तर कृपा करून झोप."

मी पोह्यातला शेंगदाणा जपून गिळला.

"ज्याला स्वतःचं काम एकदा तपासून पाहवत नाही, त्यानं ते जगापुढे उघडं मांडू नये."

आतल्या खोलीत बायका हसल्या. भाच्याच्या कपाळावरून घाम निघाला तो नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, आणि तो पुसायचीही त्याची हिंमत होईना. मास्तरांनी चष्मा काढला. इंग्रजी निर्दोष आहे, म्हणाले, कुठं अपशब्द नाही आणि तरी माणूस जागेवर उरत नाही. असं लिहिणारे आता राहिले नाहीत. मग त्यांनी भाच्याला विचारलं की यातलं खरं किती.

"सगळंच," भाचा म्हणाला. "तपासलं नाही मी. चुकलं."

हे कोणी लिहिलं, मास्तरांना जाणून घ्यायचं होतं. भाच्यानं सांगितलं की इथं सगळे टोपणनावानं लिहितात, कोण कुठला ते कळत नाही. मास्तर हळहळले. ज्या घरात असं लेकरू वाढलं त्या आईबापाला एकदा भेटायला पाहिजे, असं काहीसं ते बोलत होते, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शांत स्वभावाची मुलगी उभी राहिली होती. कान लाल झालेले, फोन मुठीत आवळलेला.

"म्याच लिहिलं ते, बाबा. सकाळपासून आमचा सर्व्हर बंद पडून हाय, अन् हे इथं पोहे खाऊन राह्यले."