आधी झेंडा, मंग भाषण

माह्यासारखा गधा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाई, हे आधीच कबूल करतो. हसा! मागून हसण्यापरीस आत्ताच हसून घ्या. चाय येऊन राह्यली, तोवर मीच सांगून टाकतो. नाई तं दुसरा कोणी तिखटमीठ लावून सांगन.

तुम्हाले माहा सभाव माहीत आहे. एका जागी मले बसवत नाई, अन् पोटात गोष्ट राहत नाई. सारं त्याच्यानंच झालं.

सेवाग्राम रोडवर आमचं लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली कॉलनी. तिथला झेंड्याचा खांब माह्या बाबूजीनं गाडला. लेआऊटचे अध्यक्ष तेच. बाबूजी गेले, मंग अध्यक्ष मी. कसा झालो? झालो बाप्पा! कोणी विचारलं नाई, मी सांगतलं नाई. पंधरा ऑगस्ट असो का सव्वीस जानेवारी, दोरी माह्याच हातात.

यंदा तं छाती जास्तच फुगलती. माह्या पोरीचं, प्राचीचं, अमरावतीले जमलं. इवाई, म्हणजे होणारे व्याही, साखरपुड्याचं ठरवाले येणार होते. मी फोनवर टेचात सांगतलं, "सव्वीस जानेवारीलेच या. आमच्या इथं झेंडा मीच फडकावतो. पोरगी कोण्या घरची करून राह्यले, ते आपल्या डोळ्यानं पाहा!"

आदल्या दिवशी संध्याकाळी इवाई आले. ओट्यावर चाय पिता पिता सहज बोलून गेले, "प्रजासत्ताक काय अन् लोकशाही काय, एकच तं आहे."

मी ताडकन उठलो. "एक कसं असन?"

"मंग फरक काय आहे?"

आता आली का पंचाईत! फरक आहे, एवढं मले माहीत होतं. काय आहे, ते माहीत नव्हतं. "उद्या भाषणात सांगतो," म्हणून वेळ मारून नेली अन् मोबाईल घेऊन अंगणात येरझाऱ्या सुरू केल्या. माही बायको, सुनंदा, आत झेंड्याले इस्त्री करून राह्यलती.

"अवो, बसा ना एका जागी!" ती ओरडली. "पाहुणे तिकडं एकटे बसले."

पण मी कायचा बसतो? शेवटी सापडलं! राजेहो, किती सोपी गोष्ट. लोकशाही म्हणजे लोकायच्या मतानं कारभार. प्रजासत्ताक म्हणजे सगळ्यात वरची खुर्ची कोणालेच बापाकडून भेटत नाई. इंग्लंडात मतदान होते, पण वर राजा बसला. म्हणून तिथं लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाई. काही देशात राजा नाई, पण लोकायच्या मतालेबी किंमत नाई. ते नुसते नावाचे प्रजासत्ताक. अन् आपण? आपण दोन्ही! डबल!

एवढं ज्ञान पोटात घेऊन झोप कशी लागन, सांगा!

सकाळी सारे जमले. रांगोळी काढलती, लेकरं नव्या कपड्यात, जिलेबीचा वास सुटला. आमच्याकडं रीत ठरलेली आहे. आधी झेंडा, मंग राष्ट्रगीत. मंग मेश्राम मॅडम संविधानाची उद्देशिका वाचतात. मॅडम बँकेत मॅनेजर, बोलणं एकदम सरळ, कोणाची भीडभाड नाई. अन् शेवटी अध्यक्षाचं भाषण.

पण शेवटी म्हणजे जिलेबीच्या टायमाले! तेव्हा कोण ऐकते? इवायाचं लक्ष ताटलीत, अन् माहा फरक हवेत! मी खांबापाशी गेलो, दोरी हातात घेतली, अन् दोरी सोडून माइक धरला.

सुनंदानं डोळे वटारले. "अवो, आधी झेंडा!"

"दोनच मिनिटं!"

अन् जे सुटलो म्हणता! इंग्लंड सांगतलं, राजा सांगतला, राजाचा पोरगा सांगतला. "बाप खुर्चीवर होता म्हणून लेक बसन, हे प्रजासत्ताकात चालत नाई!" टाळ्या! इवाईबी वाजवून राह्यले. मी आणखीच चढलो. "ज्याले लोकायनं निवडलं नाई, त्यानं आत्ताच्या आत्ता खुर्ची सोडली पाहिजे!"

टाळ्या एकदम थांबल्या. मांगून कोणीतरी खोकललं. मेश्राम मॅडम उठून उभ्या राह्यल्या.

"भाऊ, लय बराबर बोलले. एक विचारू? तुमच्या अगोदर अध्यक्ष कोण होते?"

"बाबूजी."

"अन् तुम्हाले कोणी निवडलं?"

मी माइक या हातातून त्या हातात घेतला. "तसं... लोकायच्या मनात मीच होतो."

"इंग्लंडचा राजाबी असंच म्हणत असन, भाऊ!"

काय हशा पिकला! इवाई तं खुर्चीवरून पडाले आलते. जानेवारीच्या थंडीत मी घामाघूम. तिथंच मुकाट्यानं दोरी ओढली असती तं निभून गेलं असतं. पण इवायासमोर इज्जतीचा सवाल! अन् गप बसन तो मी कायचा?

"घ्या मतदान!" मी गरजलो. "हात वर करून! होऊन जाऊ द्या!"

मले वाटलं, माह्याविरुद्ध उभं राह्यची हिंमत कोणाची आहे?

"सुनंदाताईचं नाव घ्या," मॅडम म्हणाल्या.

"मले कायले यात ओढता?" सुनंदा घाबरली. "मले जिलेबी वाटाची आहे."

"नाली तुंबली तं लोक हाक कोणाले मारते? झेंड्याची तयारी कोण करते? सांगा भाऊ, खोटं बोलून राह्यली का मी?"

खोटं नव्हतं ना! तेच तं दुखणं.

"सुनंदाताईच्या बाजूनं हात वर!"

हातच हात! एका बाईनं तं मांडीवरच्या लेकराचाबी हात धरून वर केला. अन् इवायाचा हात सगळ्यात उंच! "अहो, तुम्ही अमरावतीचे! तुमचं मत इथं चालत नाई!" म्हणत मी त्याइले थांबवाले हात उचलला.

"अध्यक्षाचाबी हात वर आहे," मॅडमनं जाहीर केलं. "एकमतानं!"

"थांबा!" मी माइकात ओरडलो. "नुसतं बहुमत म्हणजे सारं काई नाई! प्रजासत्ताकात एकट्यादुकट्या माणसालेबी हक्क असते!"

"आहे ना. तुम्हालेबी जिलेबी भेटन."

सुनंदा पदराले हात पुसत माह्यापाशी आली. हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हाले वाईट वाटत असन तं मी नाई म्हणते."

वाईट वाटून राह्यलतंच. जीव नुसता जळून राह्यलता. पण तिच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् ध्यानात आलं का इतक्या वर्षांत ही बाई या खांबापाशी कधी उभीच राह्यली नाई. दरवर्षी मागं, जिलेबीपाशी. "ओढ," मी म्हटलं.

माह्या हातानं दरसाल गाठ अडकते. मी झटक्यावर झटके देतो, अन् लोक वर पाहून पाहून मान दुखवून घेते. तिनं एकच झटका दिला. झेंडा भर्रकन उघडला, अन् आतली सारी फुलं माह्या टकलावर!

मंग मॅडमनं उद्देशिका वाचली. ऐकतो तं काय? 'लोकशाही' अन् 'गणराज्य', म्हणजे प्रजासत्ताकच, दोन्ही शब्द एकमेकाले लागून! दरवर्षी कानावरून जाते, अन् मी अडाण्यासारखा मोबाईलवर शोधून राह्यलतो.

इवाई जिलेबी खाऊन गेले. जाताना झेंड्याबद्दल चकार शब्द नाई. मले घोर लागला, आपल्या चुरचुऱ्या जिभेपायी पोरीचं मोडते का काय? साखरपुड्याले अमरावतीले गेलो तरी धाकधूक सुरूच. मांडवात पाय टाकला, तं इवाई लगबगीनं समोर आले अन् सुनंदाले घेऊन साऱ्या सोयऱ्यायसमोर उभे राह्यले.

"ह्या आमच्या विहीणबाई. त्यांच्या लेआऊटच्या अध्यक्ष. अन् निवडून आलेल्या, बरं का!"

सारे उठून नमस्कार करून राह्यले. माहा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं माह्याकडं बोट केलं. "अन् हे कोण?"

"हे त्याइचे मिस्टर," इवाई म्हणाले. "भाषण लय चांगलं देते. फक्त झेंड्याच्या आधी देते."