शेजारणीचा पूर्वज

हॉस्पिटलच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर मी ऑनलाइन मोडी शिकले आणि त्याचा जरा जास्तच गाजावाजा केला. अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक अमेरिकन बाई राहतात. त्यांच्या कानावर ते गेलं. एका सकाळी त्यांनी मला अंगणात थांबवून विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला जुनी अक्षरं लागतात ना? मग माझ्या इंग्लंडमधल्या पूर्वजाचं मृत्युपत्र शोधून द्याल?"

मोडीचा आणि चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अक्षराचा काही संबंध नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं.

त्या काळी तिकडे मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टांत मंजूर होत. बड्या लोकांची आर्चबिशपच्या कोर्टात, साध्या माणसांची बहुतेक गावाजवळच्या लहान कोर्टात. मोठ्या कोर्टाच्या यादीत आठवड्याभरात मला बाईंच्या पूर्वजाच्या नावाचा, त्याच्याच सफक परगण्यातला माणूस सापडला. कापडाचा व्यापारी, दोन घरं, चांदीचे पेले. गाव मात्र बाईंनी सांगितलेल्यापेक्षा वेगळं होतं. लहान कोर्टाची यादी बघायला हवी, हे कळत होतं. पण मला सांगायची घाई झाली होती. बाई इतक्या हरखल्या, की पुढे भेटेल त्याला माझं कौतुक ऐकवू लागल्या.

ऑक्टोबरमध्ये मनाला राहवेना म्हणून मी ती दुसरी यादी काढली. खरा माणूस तिथे होता. बाईंनी सांगितलेलं गाव तेच, बायकोचं नाव तेच. बायकोला गाय, मुलीला बिछाना आणि पितळेचं पातेलं. समुद्रापलीकडे अमेरिकेत, न्यू इंग्लंडला गेलेल्या मुलाला अंगातला चांगला कोट, तो परत आला तर.

"यार, सांगून टाक ना. त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला.

"थँक्सगिव्हिंग होऊ दे," मी म्हटलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला बाईंनी आम्हाला बोलावलं. मुलं, सुना, नातवंडं, वीसेक माणसं होती. बाईंनी उभं राहून त्या व्यापाऱ्याचं मृत्युपत्र मोठ्याने वाचलं आणि माझ्या नावाने ग्लास उचलला. मीही उचलला. नवरा ताटाकडे बघत राहिला.

जानेवारीत मी दुसरा कागद घेऊन गेले. बाईंनी तो सावकाश वाचला. कोटाच्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या.

"हे कधी सापडलं?"

मागच्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. "ऑक्टोबरमध्ये," मी म्हटलं.

"म्हणजे मी सगळ्यांसमोर वाचत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "चहा टाकते." आम्ही चहा प्यायलो, हवेबद्दल बोललो.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरच्यांसाठी लिहिलेली ईमेल दाखवली. स्पेलिंग तेवढी बघून द्या, म्हणाल्या. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "नावाचा गोंधळ माझ्याकडून झाला, खरं मृत्युपत्र डॉक्टरांनी चिकाटीने शोधून दिलं." मी ती दोनदा वाचली. गावाच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त केलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे परत सरकवला.