मोठ्या बाईंच्या आवाजातली क्लिप

आमच्या जिन्यात आवई उठली होती की माझ्या मावशीने खोटा फोन करून अख्खी शाळा बंद पाडली आणि आता तिला पीएचडीतून काढून टाकणार आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आईच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "होईल ना गं सगळं नीट? एवढी शिकलेली पोरगी..."

खरं एवढंच की फोन नव्हता, क्लिप होती. शाळा बंद पडली नाही. अकरा मुलं घरी राहिली, त्यातली दोन एरवीही राहतात. आणि आवाज मावशीचा नव्हताच. माझा होता.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. बातम्या, जाहिराती, फोनवर येणारे निरोप पारखायला मुलांना कसं शिकवावं, यावर तिचं संशोधन चाललंय. एका जागी बसून वाचताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, चार्जर ताणून ताणून दारापर्यंत, आणि बाईसाहेब पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. जेवतानाही चैन नाही. आई म्हणाली, "उद्या पाणी येणार नाही म्हणे," की हिचा घास हातातच थांबतो.

"कोण म्हणे? त्यांना कोणी सांगितलं?"

"नळाने सांगितलं! जेव आता."

त्या महिन्यात तिच्यासारख्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग होता. अभ्यासातलं प्रत्यक्ष शिकवण्यात कसं आणायचं, ते शिकवणारा. घेणाऱ्या बाई दर दोन मिनिटांनी, "येतंय का ऐकू? अंगठा दाखवा, अंगठा!" मी दाराआडून दाखवायचे. शेवटी प्रत्येकाने सात मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता. मावशीचा पाठ बघायला आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येणार होत्या. पसंत पडला तर शाळेत शिकवून बघायची परवानगी. गाईडने बजावलं होतं, महिनाअखेर शाळेचं पत्र आलं नाही तर विषय बदल. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून ती मला कॅसेट म्हणते. सोमवारी ती म्हणाली, "ए कॅसेट, पाठासाठी एक खोटा निरोप हवाय. अगदी खऱ्यासारखा."

मी घसा खाकरला, मोठ्या बाईंसारखी हनुवटी आत घेतली. "पालकहो, टाकीच्या दुरुस्तीमुळे बुधवारी शाळा बंद. मी पुन्हा सांगते, बंद. नोंद घ्यावी."

मावशी पलंगावर आडवी पडून हसली, मग मला पुन्हा म्हणायला लावून फोनवर रेकॉर्ड केलं.

क्लिप तिने त्या ऑनलाइन वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ही बनावट आहे, फक्त सरावासाठी.' कोणाला तरी ती इतकी आवडली की त्याने पुढे ढकलली. क्लिप गेली, खालची ओळ मागेच राहिली. निरोप पुढे जाताना त्याच्यासोबतचं काय काय गळून पडतं, यावर मावशीने तीस पानांचं प्रकरण लिहिलंय. तीस पानं! बुधवारी सकाळी क्लिप आमच्या पालकांच्या ग्रुपवर.

मावशीने लगेच मोठ्या बाईंना फोन लावला. "चूक माझी आहे, पोरीला मीच करायला लावलं," एवढं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून उत्तर आलं, "शुक्रवारी अकराला मी आहेच. तेव्हा बघू."

त्या 'बघू'ने दोन दिवस घरात कोणाला धड बसू दिलं नाही.

"बघू म्हणजे? चांगलं बघू की वाईट बघू? म्हणून दाखव बरं, कशा म्हणाल्या असतील!"

मी पाच तऱ्हांनी म्हणून दाखवलं. पाचव्या वेळी तिचे डोळे भरले, तेव्हा थांबले. चहाचे कप खिडकीत निवत राहिले. दरम्यान तिने दुसराच पाठ तयार केला, टूथपेस्टच्या जाहिरातीवर. गुळगुळीत, कोणाला न बोचणारा.

माझी शाळा दुपारची, म्हणून शुक्रवारी साडेदहाला मी घरीच होते.

"टूथपेस्टच काढणार तू," मी म्हटलं. "गाईड पण येणार आहेत. त्यांच्यासमोर क्लिपचं नावसुद्धा घेणार नाहीस. लाव पैज!"

"हरलीस तर?"

"आठ दिवस कोणाचीही नक्कल बंद. तू हरलीस तर आठ दिवस एका जागी बसून वाचायचं."

"लावली."

अकराला पडद्यावर सगळे आपापल्या चौकोनात. मोठ्या बाईंचं फक्त कपाळ आणि वर पंखा. मावशी उभीच. तिने क्लिप लावली. मग तिने ग्रुपवरचा स्वतःचा निरोप दाखवला, आधी ओळीसकट, मग ओळीशिवाय.

"ही माझी चूक. इशारा क्लिपच्या आत बोलायला हवा होता, मी बाहेर लिहिला. आता सांगा, ओळ नसताना तुम्ही खोटेपणा कशावरून ओळखला असता?"

गाईड चष्मा पुसत होते. मग कपाळ हललं.

"मी सांगते. सुट्टी मी तोंडी कधीच देत नाही, सहीचं पत्रक काढते. अकरा घरांत एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. म्हणजे आम्हीही ते शिकवलेलं नाही." मग कपाळ आणखी पुढे आलं, "पत्र देते. मात्र सुरुवात याच क्लिपने करायची. मी पुन्हा सांगते, याच क्लिपने."

मावशी खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. लॅपटॉप मिटला. मी हनुवटी आत घेऊन तोंड उघडलं, तेवढ्यात तिने बोट वर केलं.

"आठ दिवस."

तेव्हापासून आईशी, मैत्रिणींशी, सगळ्यांशी मी माझ्याच आवाजात बोलतेय, आणि अजून पाच दिवस बाकी आहेत.