दारावरचे तीन थर

गाडीच्या रंगावर वाळून दगड झालेला गोंद काढावा तर धाकट्यानेच. पातं म्हणून लावायचा नाही. केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची, तेल चोळायचं, थांबायचं, मग अंगठ्याच्या नखाने सोलायचं. घाई केली की रंगच निघतो, हे सांगून सांगून तो गिऱ्हाइकांना भंडावून सोडी. माणसांच्या बाबतीत मात्र स्वारीला धीर कसा तो नव्हताच.

दोघा भावांनी मिळून दुरुस्तीचा धंदा काढला, तेव्हा गाडीच्या दारावर स्टिकर लावले होते: 'थोरला आणि धाकटा'. पुढे ड्रिल मशीन कोणी बिघडवलं यावरून दोघांची जुंपली. आठवड्याने धाकट्याला सिग्नलला थोरल्याची गाडी दिसली. दारावर 'थोरला आणि', पुढे नुसता डाग. याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारणं नाही, पुसणं नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं दुकान थाटलं आणि अकरा वर्षं भावाचं तोंड पाहिलं नाही. दोन महिन्यांपूर्वी थोरला वारला, तेव्हाही हा घराबाहेर पडला नाही.

आणि आज वहिनी तीच गाडी घेऊन आल्या.

"चार वाजता गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येतंय, भाऊजी. दार तेवढं साफ करून द्या."

'थोरला आणि' सहज सुटलं. डागाशी गाडं अडलं. दाराची काच खाली होती. आत भाऊ बसलाय, कोपर बाहेर काढून आपल्याकडे बघतोय, असं त्याला सारखं वाटत होतं. दोनदा त्याने मान वर केली. सीट रिकामीच होती.

वरचा थर काचेसारखा कडक. फुटक्या बादल्या सांधायचा, दोन नळ्यांतला गोंद. "रंगावर हे कोण गाढव लावतं?" तो पुटपुटला. तासाभराने ती कपची निघाली. खाली पंक्चरचं सोल्युशन. त्याखाली शाळेतला पांढरा गोंद. आणि तळाला स्टिकरचा मूळ गोंद, उन्हाने करपून भुगा झालेला, सगळीकडे सारखा. ओरबाडून काढलेल्या स्टिकरचे कपटे मागे राहतात. इथे एकही नव्हता. हे नाव कोणी काढलंच नव्हतं, आपसूक गळलं होतं.

भुगा पुसता पुसता त्याचा हात थांबला.

"वहिनी, हे एवढं कोणी चिकटवलं?"

"यांनीच. पडलं की चिकटवायचे. मी म्हणायचे, भाऊजींकडे न्या, त्यांना यातलं कळतं. तर म्हणायचे, नाव पडलेलं बघून तो राग धरेल. आधी नीट बसू दे, मग जाऊ त्याच्याकडे."

धाकट्याने दाराकडे पाहिलं. समोरचा पत्रा तोवर लख्ख झाला होता.

चारला गिऱ्हाईक आलं. दारावरून तळवा फिरवत खूश होऊन म्हणालं, "वा! इथे कुणाचं तरी नाव होतं हे सांगूनही खरं वाटणार नाही."